रॅम्पवरची रांगोळी

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कुठेही न्यायचं म्हटलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "पायऱ्या किती?" लग्न कोणाचं, पंगत आहे की बुफे, कोण कोण येणार, हे सगळं नंतर. आकडा दोनाच्या वर गेला की "तू जाऊन ये गो, माझा आशीर्वाद सांग" म्हणतात आणि पेपरात डोकं घालतात. चार वर्षांपूर्वी ते अंगणात शेवाळावरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण पाय काही पुन्हा त्यांचं वजन घ्यायला तयार झाले नाहीत. तेव्हापासून चाकांची खुर्ची. आमचं घर रस्त्याच्या पातळीत आहे हे आमचं नशीब. रत्नागिरीत निम्म्या घरांना पाखाडी उतरून नाहीतर चढून जावं लागतं, आणि पाखाडी म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांचीच वाट.

अण्णा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी नाटकात ऑर्गन वाजवायचे. गावातल्या हौशी मंडळींच्या संगीत नाटकांना तीसेक वर्षं त्यांचीच साथ. ऑर्गनचा भाता पायाने मारावा लागतो, त्यामुळे पाय गेले तसा ऑर्गनही गेला. त्याचं त्यांनी दुःख केलं नाही, निदान आम्हाला दिसेल असं केलं नाही. घरात हातपेटी आहे, सकाळी तासभर ती वाजते आणि शेजारी सहन करतात. ऑर्गनवाल्याची जागा रंगमंचाच्या पायाशी, एका कोपऱ्यात. "मी जन्मभर नाटक पाहिलं ते एका बाजूने," ते म्हणायचे. "गावातल्या सगळ्या नटांचे उजवे गाल मला पाठ आहेत." खुर्चीत बसल्यापासून त्यांना एकच हौस उरली होती. नाट्यगृहात मधोमध बसून, समोरून, अख्खं संगीत नाटक एकदा बघायचं.

तीन वर्षांपूर्वी ती हौस पुरवायला मी त्यांना घेऊन गेले आणि चांगलीच तोंडावर आपटले. आमचं नाट्यगृह जुनं. आजोबांच्या पिढीने उभं केलेलं, चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, आणि समोर अकरा पायऱ्या, रुंद आणि ऐटदार. त्या पायऱ्यांवर उभं राहून फोटो काढला नाही असं गावात घर सापडणार नाही. त्या दिवशी चौघांनी अण्णांना खुर्चीसकट उचललं. त्यातले दोघे त्यांचेच विद्यार्थी. माणसं सोन्यासारखी, "सर, निवांत बसा, आम्ही आहोत ना" असं घोकत होती. पण धोतर गुडघ्याच्या वर सरकलं, एक चप्पल खाली पडली, आणि आम्ही आत पोचेपर्यंत अख्खं प्रेक्षागृह माना वळवून बघत होतं. आमच्यासाठी पडदा पाच मिनिटं थांबवला होता. मध्यंतरात तेच चौघे पुन्हा आले. अण्णा म्हणाले, मला कुठे जायचं नाही. त्यांना जायचं होतं. ही वेळ येऊ नये म्हणून सकाळपासून त्यांनी पाण्याचा घोट घेतला नव्हता, तरी जायचं होतं, आणि पुढचे दोन अंक ते दात आवळून बसले. घरी आल्यावर एवढंच बोलले, "यापुढे नाटक बंद. मी नारळाचं पोतं नाही."

त्यानंतर कोणी बोलवायला आलं की ते सांगायचे, हल्लीच्या गायकांचे सूर मला झेपत नाहीत. ही शुद्ध थाप होती. फोनवर नाटकांची पदं लावून बोटांनी खुर्चीच्या हातावर साथ करताना मी त्यांना रोज बघत होते.

मग नाट्यगृह दुरुस्तीला बंद झालं आणि यंदा उघडलं. पेपरात सोयींची लांबलचक यादी आली. वातानुकूलन, नव्या खुर्च्या, उपाहारगृह, थंड पाणी, रॅम्प, दिव्यांगांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. खाली येत्या रविवारच्या संगीत नाटकाची जाहिरात. अण्णांनी बातमी दोनदा वाचली. "छापायला काय जातं," म्हणाले. पण तो पेपर रद्दीत न टाकता त्यांनी घडी घालून पेटीखाली ठेवला. मी काय समजायचं ते समजले.

"मी जाऊन बघून येते," मी म्हटलं.

"बघ. पण मला उचलायची पाळी आली तर मी दारातून परत फिरेन. आणि त्यानंतर तू हा विषय पुन्हा काढायचा नाहीस. कबूल?"

कबूल, मी म्हटलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. ते एकदा बोलले की बोलले, गणिताचे मास्तर ना.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून सुटल्यावर मी इंचटेप पर्समध्ये टाकून नाट्यगृहावर गेले. खुर्चीची रुंदी मापून घेतली होती. तिथले व्यवस्थापक संगमेश्वराकडचे, माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माणूस गोड. माझा स्वभाव तापट आहे हे त्यांना आधीच कोणीतरी सांगितलं असावं, कारण मला बघून ते उठून उभे राहिले.

"ताई, रॅम्प बघा कसा केलान तो कंत्राटदाराने," ते अभिमानाने म्हणाले.

रॅम्प खरंच चांगला होता. पायऱ्यांच्या डाव्या अंगाने लांबवर सोडलेला, चढ बेताचा, दोन्हीकडे कठडा. मी दोनदा वर-खाली चालून बघितलं. वरचं दार मापलं, खुर्ची जाऊन वर चार बोटं उरत होती. मग स्वच्छतागृह उघडायला लावलं. आत धरायला दांडे होते, नळ खाली होता, दार रुंद होतं. आणि मधोमध एक भलीमोठी गुंडाळी उभी होती, तिच्या आजूबाजूला चार मोडक्या खुर्च्या.

"हे काय?"

"जंगल," ते निरागसपणे म्हणाले. "जंगलाचा जुना पडदा आहे तो. ह्या खोलीत कोण येत नाय ताई. मोकळी जागा दिसली, ठेवलंनी पोरांनी."

"आणि माणसाने कुठे जायचं? जंगलात?"

ते हसले, मी हसले नाही. रविवारपर्यंत खोली रिकामी करायचं त्यांनी कबूल केलं, आणि रिकामी झाल्याचा फोटो मला पाठवायचं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. आत प्रेक्षागृहात त्यांनी मला चाकांच्या खुर्चीची खास जागा दाखवली. ती होती पहिल्या रांगेच्या पुढे, कोपऱ्यात, ऑर्गनला लागून. "सरांची जुनीच जागा ना ती," ते मायेने म्हणाले. त्यांच्यावर रागावणंही जमेना. मग मी त्यांना गालांची गोष्ट सांगितली. ते दोन मिनिटं डोकं खाजवत उभे राहिले आणि मला सहाव्या रांगेमागे घेऊन गेले. तिथे प्रेक्षागृहाच्या मधून आडवी वाट जाते आणि जमीन सपाट आहे. "इथे बसवू सरांना. चाकाखाली चिऱ्याचा तुकडा देतो, हलणार नाय." मी तिथे उकिडवी बसून बघितलं. पडदा बरोब्बर समोर होता.

घरी येऊन मी अण्णांना सगळं मापासकट सांगितलं. त्यांनी रॅम्पची लांबी विचारली, उंची विचारली, मनात काहीतरी भागाकार केला आणि म्हणाले, "जमेल."

रविवारी प्रयोग दुपारी चारचा. अण्णा सकाळीच दाढी करून बसले. धोतर नको म्हणाले, पायजमा-झब्बा काढायला लावला. दहानंतर पाणी बंद. त्यावरून आमचं भांडण झालं. "तिथे सोय आहे, मी बघून आलेय, फोटोही आलाय," मी म्हटलं. "फोटोत काय, जंगल गेलेलं दिसतं," ते म्हणाले, आणि माझ्या समाधानासाठी अर्धा कप चहा घेतला. जेवताना ताकालाही हात लावला नाही.

शेजाऱ्यांच्या गाडीने आम्ही सव्वातीनला पोचलो. खुर्ची उघडली, अण्णांना बसवलं, आणि रॅम्पकडे वळले तर माझे पायच थांबले.

रॅम्पवर रांगोळी होती. पायथ्यापासून वरच्या दारापर्यंत, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. तंबोरा, वीणा, दोन मुखवटे, मध्ये कमळांची वेल, रंग असे भरलेले की गालिचाच अंथरलाय वाटावं. लोक पायऱ्यांवर उभे राहून तिचे फोटो काढत होते. पाय ठेवायला बोटभर जागा नव्हती.

माझं डोकंच फिरलं. मी व्यवस्थापकांना हाक मारली ती बहुधा समोरच्या दुकानांतही ऐकू गेली असेल. ते धावत आले आणि रांगोळी बघून त्यांचा चेहरा उतरला. नाटकाचा मान म्हणून नाट्यमंडळाने रांगोळी ठरवली होती, आणि सकाळपासून जो तो तिचं कौतुक करत होता. "ताई, शप्पथ, ध्यानातच नाय आलं कुणाच्या." तोवर आजूबाजूला माणसं जमली. "त्यात काय एवढं, उचलूया काकांना," कोणीतरी म्हणालं, आणि चौघे बाह्या सरसावून पुढे झालेसुद्धा.

अण्णांनी दोन्ही हातांनी चाकं घट्ट धरली. "नाही," ते म्हणाले.

"मग रांगोळीवरून जाऊ," मी म्हटलं. "रॅम्प कशाला बांधलाय?"

"एवढ्या मेहनतीच्या रांगोळीवरून चाकं घालू? मी नाही घालणार." मग तास संपल्यावर खडू खाली ठेवायचे तसं शांतपणे म्हणाले, "चल, घरी जाऊ."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हीपैकी आधी काय बाहेर पडेल ते मला माहीत नव्हतं. आज परत फिरलो की संपलं, हे मी कबूल करून बसले होते. आता ते या दारात पुन्हा कधी येणार नाहीत, आणि मीही त्यांना चल म्हणू शकणार नाही.

एवढ्यात गर्दीतून एक बाई पुढे आल्या. चाळिशीच्या, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत रंगलेले. शाळेत चित्रकला शिकवतात असं नंतर कळलं. रांगोळी त्यांचीच. काय झालं, असं त्यांनी विचारलं मात्र, मी त्यांच्यावर उखडले. "रांगोळी काढायला तुम्हाला दुसरी जागा नाही मिळाली?"

"पायऱ्यांवर लोक चालतात हो," त्या गडबडून म्हणाल्या. "विस्कटली असती. इथून कोणी जात नाही, म्हणून इथे..." त्यांनी अण्णांच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य गिळलं.

 

"बरोबर आहे तुमचं," अण्णाच म्हणाले. "इथून कोणी जात नाही. आज मी जाणार होतो."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बाई खुर्चीपाशी खाली बसल्या आणि दोन चाकांमधलं अंतर वितीने मापायला लागल्या. मी पर्समधून इंचटेप काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी माप घेतलं, व्यवस्थापकांकडून भिंत रंगवायचा रुंद ब्रश मागवला, आणि रॅम्पच्या पायथ्याशी उकिडव्या बसून रांगोळी झाडायला सुरुवात केली.

"अहो बाई, राहू दे," अण्णा म्हणाले. "केवढा वेळ बसला असाल."

"आठला बसले ती दोनला उठले. काका, ही उद्या सकाळी झाडूनच टाकायची आहे. रांगोळी काय कपाटात ठेवायची वस्तू आहे?"

त्यांनी चाकांपुरत्या दोन पट्ट्या मोकळ्या केल्या, सरळ रेषेत, खालपासून वरपर्यंत. तंबोऱ्याची तार गेली. हसऱ्या मुखवट्याचा एक डोळा गेला. मधली कमळांची वेल राहिली आणि कडेचे रंग राहिले. बाईंनी एकदाही हात थांबवला नाही. वर पोचल्या, कंबर धरून उभ्या राहिल्या आणि तिथून म्हणाल्या, "या आता."

मी खुर्चीच्या मुठी धरल्या. अण्णा मागे न बघता म्हणाले, "हात सोड."

ते स्वतः निघाले. पेटी वाजवून हात अजून मजबूत आहेत, पण चढ तो चढच. चाकं एकेक वीत पुढे जात होती. त्या चौघांना आता बाह्यांचं काय करावं ते कळत नव्हतं. अर्ध्यावर अण्णा थांबले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी न राहवून हात पुढे केला.

"थांबलोय," ते म्हणाले. "अडकलो नाही."

मी हात मागे घेतला. ते पुन्हा निघाले आणि वर पोचले. बाईंना त्यांनी हात जोडले, बाईंनी रंगलेले हात जोडले, आणि आम्ही आत गेलो.

सहाव्या रांगेमागे चिऱ्याचे दोन तुकडे तयार होते. तिसरी घंटा झाली, नांदी सुरू झाली, पडदा उघडला. कोणी माना वळवून आमच्याकडे बघितलं नाही, सगळे समोर बघत होते आणि अण्णाही. पहिल्या पदाला त्यांची बोटं मांडीवर चालू झाली, दुसऱ्या पदाला थांबली. ते नुसते बघत होते. नायक गाता गाता वळला तेव्हा माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "चेहरा चांगला आहे गो याचा." त्या नायकाला ते त्याच्या पहिल्या नाटकापासून ओळखतात. एसी जरा जास्त आहे, गाणाऱ्याचा गळा बसेल, अशी तक्रारही त्यांनी केली. तक्रार आली म्हणजे माणूस ठीक आहे, हे मला घरच्या अनुभवाने माहीत आहे.

मध्यंतर झालं. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "मला जाऊन यायचंय." आडव्या वाटेने, बाजूच्या दाराने, व्हरांड्यातून आम्ही त्या खोलीशी गेलो. खोली खरोखर रिकामी होती, धुतलेली होती. अण्णा आत गेले, त्यांनी दार लोटलं आणि आतून कडी लावली. त्या कडीच्या आवाजाने मला जो आनंद झाला तो सांगितला तर लोक हसतील, पण झाला. या चार वर्षांत घराबाहेर त्यांनी स्वतःच्या मागे स्वतः कडी लावल्याचं मी ऐकलं नव्हतं. मी तिथून चार पावलं लांब जाऊन उभी राहिले.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "वडे संपले का बघ." वडे संपले नव्हते. त्यांनी दोन वडे खाल्ले, वर पूर्ण कप चहा घेतला, मग पाणी मागितलं. व्यवस्थापक येऊन उभे राहिले. "सर, काय कमी-जास्त?" अण्णांनी त्यांना सांगितलं की दिव्याचं बटण आणखी वीतभर खाली हवं. त्यांनी ते खिशातल्या कागदावर लिहून घेतलं.

नाटक भैरवीपर्यंत नीट झालं. आम्ही गर्दी ओसरायची वाट बघत मागे थांबलो आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर आलो. निदान मला तसं वाटलं होतं. रॅम्पच्या तोंडाशी बघते तर तिथे रांग लागलेली. गुडघ्यांनी बेजार झालेल्या बायका, काठीवाले आजोबा, बाळाला खांद्यावर घेतलेली एक आई, सगळे कठडा धरून रॅम्पने उतरत होते. इतकी वर्षं ही माणसं त्या अकरा पायऱ्या कशी उतरत होती, हा प्रश्न मला त्या क्षणापर्यंत कधी पडला नव्हता. आमच्या मागून आलेल्या एक आजी अण्णांना म्हणाल्या, "तुम्ही चढलात ते बघितलं हो मघाशी. म्हटलं, आपणपण इथूनच उतरू."

रांगोळीचं तर काही राहिलं नव्हतं. कमळं कुठली, मुखवटे कुठले, सगळे रंग पायांनी एकमेकांत मिसळले होते. बाई पायथ्याशी रांगोळीचे डबे पिशवीत भरत उभ्या होत्या. अण्णा आपल्या पाळीने, हाताने चाकं आवरत सावकाश खाली उतरले आणि त्यांच्यासमोर थांबले.

"काय राहिलंय बघा काका," बाई हसून म्हणाल्या.

"फार सुंदर होती," अण्णा म्हणाले. "पण पुढच्या वेळी पायऱ्यांवर काढा. इथून आम्हाला जायचं असतं."

मी त्यातलं "पुढच्या वेळी" एवढंच ऐकलं. खुर्ची मिटून गाडीत ठेवताना शेजाऱ्यांनी विचारलं, ताई, रडताय का. हो म्हटलं.